वनस्पतीजन्य द्रव्यं आणि कर्करोगाचा प्रसार: पेट्री डिशमधलं यश पेशंटपर्यंत का पोचत नाही?

सूक्ष्मदर्शी

"अमुक वनस्पतीतल्या घटकाने कर्करोगाचा प्रसार रोखला" अशी बातमी वरचेवर येते आणि दुसऱ्या मिनिटाला ती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायला लागते. ज्यांच्या घरात पेशंट आहे ती माणसं ती जिवाच्या आकांताने वाचतात. मी पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पेशी एका जागेवरून दुसरीकडे कशा सरकतात हाच माझा विषय असल्यामुळे अशा बातम्यांमागचा मूळ शोधनिबंध काढून वाचायची सवय लागली आहे. त्यातून जे कळलं ते सविस्तर मांडावं म्हणून हा धागा.

आधी प्रसाराबद्दल. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत, ती गाठ फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू इथे पोचल्यामुळे होतात. हा प्रवास पेशीला सोपा नसतो. शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन तिला सोडावं लागतं, भोवतालची प्रथिनांची जाळी एन्झाइमने विरघळवावी लागते, रक्तवाहिनीत शिरावं लागतं, तिथल्या प्रवाहाच्या माऱ्यातून आणि प्रतिकारशक्तीच्या तावडीतून वाचावं लागतं, पुन्हा वाहिनीबाहेर पडावं लागतं आणि परक्या अवयवात तग धरावा लागतो. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तर २४ तासांनी त्यातल्या टक्काभर पेशीही जेमतेम उरल्या होत्या. कुठल्या अवयवात गाठ रुजेल हेही नुसतं योगायोगावर नसतं. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून 'बीज आणि माती' ही कल्पना मांडली होती. बीज सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. आजही हे क्षेत्र त्याच कल्पनेवर उभं आहे.

म्हणजे पेशीला अडवायच्या जागा पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जागेसाठी कुठलं ना कुठलं वनस्पतीजन्य द्रव्य "सापडलेलं" आहे. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, सोयाबीनमधलं जेनिस्टाइन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, दारुहळदीतलं बर्बेरिन, अश्वगंधेतलं विदाफेरिन-ए. यातली बरीचशी कामं खोटी नाहीत. मग अडतं कुठे?

त्यासाठी एक प्रयोग जवळून दाखवते. या विषयातल्या असंख्य निबंधांमध्ये एक चित्र हमखास असतं. डिशच्या तळाशी पेशींचा एकसंध थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने त्यात एक सरळ ओरखडा काढायचा आणि २४ तासांनी पाहायचं की दोन्ही काठांवरच्या पेशींनी सरकत येऊन मधली पट्टी किती भरून काढली. द्रव्य घातलेल्या डिशमध्ये पट्टी उघडीच राहिली की निष्कर्ष निघतो, "स्थलांतर रोखलं". पण पट्टी उघडी राहण्याची कारणं अनेक असू शकतात. पेशी सरकल्या नाहीत, हे एक. त्या विभागल्याच नाहीत, हे दुसरं. आणि त्या मरायला टेकल्या होत्या, हे तिसरं. म्हणून त्याच मात्रेला किती पेशी जिवंत होत्या आणि विभाजन थांबवलं होतं का, हे तपासलेलं असावं लागतं. मी निबंध हातात घेतला की आधी तेच शोधते, आणि पुष्कळदा तिथेच थांबावं लागतं.

दुसरी अडचण मात्रेची, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. कर्क्युमिन डिशमध्ये साधारण १० मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त घातलं जातं. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशंटवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिलं, तेव्हा रक्तात ते सापडलं सुमारे ११ नॅनोमोल प्रति लिटर (एक मायक्रोमोल म्हणजे हजार नॅनोमोल). म्हणजे डिशमधली मात्रा रक्तातल्या मात्रेच्या जवळजवळ नऊशे पट! आतडं ते नीट शोषून घेत नाही आणि जे शोषलं जातं त्याला आतडं आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर काढण्याच्या तयारीला लागतात. त्यातून हा रेणू अस्थिर आहे, शिवाय तो स्वतःच प्रकाश देतो आणि अनेक प्रथिनांना ढोबळपणे चिकटतो, त्यामुळे चाचणीचं यंत्र फसून "परिणाम दिसला" असं सांगू शकतं. औषधरसायनशास्त्राच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये या सगळ्याचा सविस्तर आढावा घेऊन हा रेणू औषध म्हणून पुढे नेण्याबद्दल स्पष्ट शंका व्यक्त केली होती. कर्क्युमिनवरच्या एका गाजलेल्या प्रयोगशाळेचे अनेक निबंध चित्रांतल्या फेरफारामुळे मागे घेतले गेले, हेही या गोष्टीचा भाग आहे.

तिसरी अडचण उंदरांची. अनेक प्रयोगांत पेशी थेट शेपटीच्या शिरेत टोचतात आणि मग फुप्फुसात किती गाठी झाल्या ते मोजतात. मूळ गाठीतून सुटणं, जाळी कुरतडणं, वाहिनीत शिरणं हे सगळे टप्पे त्यात गाळलेले असतात. उंदरांचेही निकाल एकमेकांना छेद देतात. जेनिस्टाइनने प्रोस्टेट कर्करोगाच्या एका पेशीवंशाचा (प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवलेल्या पेशींचा) प्रसार उंदरांत बराच कमी केल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये दुसऱ्या गटाने पेशंटच्या गाठीतून घेतलेल्या ऊतींवर तेच द्रव्य वापरलं, तर प्रसार वाढलेला दिसला. फॉरवर्ड होऊन आपल्यापर्यंत येते ती फक्त पहिली बातमी.

याचा अर्थ वनस्पतींकडून काही मिळणार नाही असा मुळीच नाही. सदाफुलीतून आलेली व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन, यू वृक्षातून पॅक्लिटॅक्सेल, चिनी कॅम्प्टोथेका झाडातल्या द्रव्यावरून बनवलेली इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन, पोडोफायलम या वनस्पतीतल्या द्रव्यावरून इटोपोसाइड, ही रोज जीव वाचवणारी, आयुष्य वाढवणारी औषधं आहेत. पण ती विभागणाऱ्या पेशीला मारतात. पसरणं थांबवणं हे वेगळं काम आहे आणि त्या कामासाठी म्हणून मान्यता मिळालेलं वनस्पतीजन्य औषध आजतरी नाही. चर्चा या दुसऱ्या कामावर व्हावी असं वाटतं.

चकोर

फार गरजेचा धागा. नऊशे पटीचा हिशोब पहिल्यांदाच असा मांडलेला वाचला. वाचतोय.

रानवाटा

लेख आवडला, पण दोन ठिकाणी अडखळलो. एक म्हणजे, तुम्ही वनस्पतीतला एकेक रेणू सुटा काढून त्याची परीक्षा घेता. वनस्पतीत शेकडो घटक एकत्र काम करतात. सुटा रेणू नापास झाला म्हणून वनस्पती नापास कशी? दुसरं, ज्याचं पेटंट मिळत नाही त्यात औषध कंपन्या पैसा घालणार नाहीत हे उघड आहे. मग "चाचण्या झालेल्या नाहीत" हा वनस्पतीचा दोष कसा?

सूक्ष्मदर्शी

@रानवाटा, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

घटक एकत्र काम करत असतीलही. पण मग त्या मिश्रणाची मात्रा कशी ठरवायची? एकाच वनस्पतीत कुठल्या हंगामात तोडली, कुठला भाग घेतला, कसा वाळवला यावर घटकांचं प्रमाण बदलतं. मिश्रणाला माझा विरोध नाही. प्रमाण पक्कं केलेल्या अर्काची चाचणी करता येते आणि व्हायलाही हवी. फक्त "संपूर्ण वनस्पती आहे" एवढ्यावर चाचणीतून सूट मिळू नये.

पेटंटबद्दल पॅक्लिटॅक्सेलचा इतिहास बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हजारो वनस्पती तपासायचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला होता. त्यात १९६२ मध्ये पॅसिफिक यूच्या सालीचा नमुना गोळा झाला. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते पेशीतल्या, विभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका गोठवून टाकतं हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. मान्यता मिळाली १९९२ मध्ये, अंडाशयाच्या कर्करोगासाठी. मधली कितीतरी वर्षं कुठलीही कंपनी मागे उभी नव्हती. साल काढली की झाड मरतं, त्यामुळे पुरवठ्याचाही प्रश्न होता. तो सुटला दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या जवळच्या रेणूवर पुढची रासायनिक प्रक्रिया केल्यामुळे. पानं पुन्हा येतात. तीस वर्षं लागली, पण ज्या रेणूत दम होता तो सरकारी पैशावर पुढे आला. कर्क्युमिनवरही सरकारी आणि विद्यापीठांच्या पैशातून मुबलक काम झालं आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात रोज ८ ग्रॅम देऊन केलेली चाचणी २००८ मध्ये आली. मूल्यमापन करता आलेल्या २१ पेशंटपैकी दोघांत काही परिणाम दिसला.

अवनी

मी पेशंटची मुलगी म्हणून लिहितेय. आईची केमो चालू असताना एका जवळच्या नातेवाइकांनी कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्या. मिरीच्या अर्कासह होत्या, "शोषण वाढवणाऱ्या" असं डबीवर ठळक लिहिलेलं. आईला वाटलं नैसर्गिकच तर आहे, म्हणून तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. पुढच्या सायकलच्या आधीच्या रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम इतके वाढलेले आले की केमो पुढे ढकलावी लागली. औषधामुळे असेल की आजारामुळे, यावर डॉक्टरांचा किती वेळ गेला. शेवटी आईनेच कॅप्सूलचं सांगितलं. बंद केल्यावर एन्झाइम उतरले. कॅप्सूलनेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण पुढे गेलेली तारीख आणि घरातला तो ताण मी विसरू शकत नाही.

माझा प्रश्न असा, की अँटिऑक्सिडंट तरी निदान घ्यायला हरकत नाही ना? सगळेच सांगतात चांगली असतात म्हणून.

स्टेथो

@अवनी, आईंना आता बरं असेल अशी आशा करतो. मी कर्करोगाच्या पेशंटवरच उपचार करतो आणि तुम्ही लिहिलंय तसं आमच्या ओपीडीत वारंवार घडतं.

मिरीतल्या पाइपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण कित्येक पट वाढतं, हे १९९८ मध्ये निरोगी माणसांवर दिसलं होतं. जाहिरातीत तेच सांगतात. न सांगितलेला भाग असा, की पाइपरिन हे करतं ते यकृत आणि आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेला दाबून. तीच यंत्रणा केमोची काही औषधंही मोडते. म्हणजे केमोची मात्रा तुमच्या नकळत बदलू शकते. जास्त शोषलं जाणाऱ्या कर्क्युमिनच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ग्रीन टीच्या अर्काबद्दलही तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताचे एन्झाइम वाढू शकतात. साध्या चहाच्या कपाचा हा विषय नाही, दाट केलेल्या अर्काचा आहे.

आणखी दोन उदाहरणं देतो, कारण "नैसर्गिक आहे, फायदा नाही तर नुकसानही नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो. नैराश्यासाठी लोक स्वतःहून घेतात त्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकॅनच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी घटली, असं २००२ च्या अभ्यासात दिसलं. पेशंट पूर्ण डोस घेतोय, दुष्परिणाम सोसतोय, आणि रक्तात सक्रिय औषध मात्र बरंच कमी पोचतंय. दुसरं, ईजीसीजी हे बोर्टेझोमिब या मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाच्या) औषधाला थेट चिकटून ते निकामी करतं, असं २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत आढळलं. दोन्ही द्रव्यं वनस्पतीचीच. परिणाम करण्याइतकी ताकद ज्यात आहे, त्यात अपाय करायचीही आहे.

आणि उपचार सोडून फक्त पर्यायी मार्गाला लागणाऱ्यांसाठी: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, रोग पसरलेला नसताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ जणांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. मृत्यूचा धोका अडीच पट होता. यातले बरेच जण बरे होण्यासारखे होते. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

डबी, पुडी, बाटली, जे काही घेत असाल ते सोबत घेऊन या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, आणि डॉक्टर रागावत असतील तर ती त्यांची चूक आहे.

आकडेमोड

@अवनी, अँटिऑक्सिडंटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकांना धक्का देईल. रक्तात भटकणाऱ्या कर्कपेशीवर ऑक्सिडेशनचा मोठा ताण असतो आणि त्या ताणाने बऱ्याच पेशी मरतात. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मेलानोमावर काम प्रसिद्ध केलं. एकाने उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर मूळ गाठी वाढल्या नाहीत पण लसिकाग्रंथींत पसरणं वाढलं. दुसऱ्या गटाने माणसाच्या मेलानोमाच्या पेशी उंदरांत घालून दाखवलं, की अँटिऑक्सिडंटमुळे दूरचा प्रसार वाढतो. म्हणजे ज्याने आपण "पेशींना जपतो" म्हणतो त्याने प्रवासातल्या कर्कपेशीलाही जपलं जाऊ शकतं. एन-ॲसिटिलसिस्टीन वनस्पतीजन्य नाही आणि हे निकाल उंदरांतले आहेत. तरी वनस्पतीजन्य सप्लिमेंट "अँटिऑक्सिडंट" म्हणून विकली जातात तेव्हा हे आठवावं.

मूळ धाग्यात एक भर घालतो. प्रसाररोधक औषधाची चाचणी करायची कशी, हाच अवघड प्रश्न आहे. १९९० च्या दशकात जाळी कुरतडणारी एन्झाइम रोखणारी औषधं आली, मारिमास्टॅट वगैरे. वनस्पतीजन्य नव्हती, पण तर्क तोच, जो आज कर्क्युमिन आणि ईजीसीजीबद्दल सांगतात. डिशमध्ये आणि उंदरांत उत्तम. माणसांत एकामागून एक चाचण्या फसल्या आणि पेशंटना सांधेदुखीचा त्रास झाला तो वेगळाच. एक मोठं कारण असं, की औषध दिलं ते रोग आधीच पसरलेल्यांना. घोडं निघून गेल्यावर तबेल्याला कडी घालण्यासारखं झालं. शिवाय त्या कुटुंबातली काही एन्झाइमं उलट गाठीला आवर घालतात, सरसकट सगळी दाबून चालत नाही, हे पुढे कळलं.

गाठ लहान झाली का, हा नेहमीचा निकष इथे लागूच पडत नाही. प्रसार रोखणारं औषध गाठ तेवढीच ठेवेल आणि तरी यशस्वी असेल. त्यासाठी "प्रसाराशिवाय किती काळ गेला" हे मोजावं लागतं आणि त्याला खूप पेशंट, खूप वर्षं लागतात. या निकषावर अमेरिकेत पहिली औषधमान्यता मिळाली २०१८ मध्ये, प्रोस्टेट कर्करोगातल्या अपालुटामाइडला.

चकोर

मग आशा ठेवावी असं काहीच नाही का? वाचून मन खचलं.

सूक्ष्मदर्शी

@चकोर, आहे, आणि ते मुद्दाम वेगळं लिहायला ठेवलं होतं.

कर्कपेशी रक्तातून एकेकट्या जातात तशा दोनचार-पाचच्या झुबक्यांनीही जातात. झुबके विरळ असतात, पण निकोला आचेतो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं, की एकट्या पेशीच्या तुलनेत झुबक्याची नवी गाठ रुजवायची क्षमता २३ ते ५० पट जास्त असते. मग कल्पना निघाली, की पेशी मारायच्या नाहीत, फक्त झुबका सोडवायचा. आचेतो यांच्या गटाने आधीपासून मान्यता असलेली हजारो द्रव्यं झुबक्यांवर तपासली. २०१९ मध्ये जे निकाल आले त्यात पुढे होती डिजिटॉक्सिन आणि ऊआबाइन, दोन्ही वनस्पतीजन्य, हृदयावर परिणाम करणारी. ही द्रव्यं पेशीच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि पेशींची एकमेकींवरची पकड ढिली होते. उंदरांत प्रसार घटला.

पुढचा टप्पा माणसांचा. डिजॉक्सिन हे त्याच कुळातलं, फॉक्सग्लव्हच्या झाडातून मिळणारं हृदयविकाराचं औषध. त्या झाडाच्या वापरावर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहिलं होतं! २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या नऊ स्त्रियांना डिजॉक्सिन दिलं. रक्तातल्या झुबक्यांचा आकार सरासरी २.२ पेशींनी कमी झाला. नऊच जणी, तुलनेला दुसरा गट नाही, आणि आयुष्य वाढलं का हे तपासायची ती चाचणीच नव्हती. तरी मला हा निकाल मोठा वाटतो. रक्तात खरोखर गाठता येणारी मात्रा, ती पातळी मोजत दिलेलं औषध, आणि पेशंटच्याच रक्तात मोजलेला परिणाम. मूळ लेखात ज्या तीन ठिकाणी गाडी अडते म्हटलं, त्या तिन्ही ठिकाणी इथे रस्ता सापडला आहे.

चकोर

हे वाचून बरं वाटलं. डिजॉक्सिन तर जुनं, सहज मिळणारं औषध आहे. डॉक्टरांना सांगून आत्ताच सुरू करता येणार नाही का?

स्टेथो

नाही, आणि हे ठासून सांगतो. डिजॉक्सिनमध्ये गुण देणारी पातळी आणि विषारी पातळी अगदी लागून असतात. जास्त झालं तर मळमळ, दृष्टीत पिवळेपणा आणि हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही येऊ शकतो. केमोच्या पेशंटला उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम कमी झालेलं असतं, मूत्रपिंडं थकलेली असतात, आणि दोन्हीमुळे हा धोका वाढतो. त्या चाचणीत म्हणूनच पेशंट आधी पारखून घेतले होते आणि रक्तातली पातळी मोजत राहिले होते. "माझ्यासाठी एखादी क्लिनिकल ट्रायल सुरू आहे का?" हा प्रश्न मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. बरेच पेशंट तो विचारतच नाहीत.

रानवाटा

पटलं बरचसं. यादीतली अश्वगंधा राहिली. विदाफेरिन-ए बद्दल सविस्तर सांगाल का? माझा त्यावर विश्वास आहे म्हणूनच विचारतोय.

सूक्ष्मदर्शी

सांगते. माझ्या मते यादीतल्या बाकीच्यांपेक्षा विदाफेरिन-ए चा मामला जास्त रंजक आहे, कारण त्याला नेमकं लक्ष्य आहे. पसरायला निघालेली पेशी आपला आतला सांगाडा बदलते आणि त्यात व्हिमेंटिन हे प्रथिन वाढवते. विदाफेरिन-ए व्हिमेंटिनला रासायनिक बंधाने पक्कं चिकटतं, हे २००७ मध्ये कळलं. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत कमी मात्रेतही त्याने फुप्फुसातला प्रसार घटवल्याचं प्रसिद्ध झालं.

पण या रेणूची रासायनिक चिकट बाजू फक्त व्हिमेंटिनवर थांबत नाही, इतर प्रथिनांनाही धरते. उंदरांना ते टोचून दिलं होतं, शुद्ध स्वरूपात, वजनाप्रमाणे मोजून. अश्वगंधेच्या चूर्णात किंवा गोळीत विदाफेरिन-ए किती हे उत्पादनागणिक बदलतं, आणि बऱ्याच उत्पादकांचा भर ते कमीच ठेवण्यावर असतो. म्हणजे उंदरांच्या निकालावर विसंबून गोळी घेणाऱ्याला तो रेणू पुरेसा मिळतच नसेल. अश्वगंधेच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि केमोत यकृत आधीच राबत असतं.

तुमचा विश्वास असेल तर मागणी एवढीच करा, की शुद्ध विदाफेरिन-ए किंवा प्रमाण पक्कं केलेला अर्क घेऊन, शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे पेशंटना देऊन, काढलेल्या गाठीत व्हिमेंटिनवर काही फरक पडला का ते बघावं. जेनिस्टाइनवर प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये शस्त्रक्रियेआधी असंच काम झालं आहे. अशी चाचणी लहान असते, थोडक्या काळात होते आणि हो किंवा नाही असं उत्तर देते.